दंताळ्याच्या बळावर वन्यजीवांसाठी चारा-तुकडा: एका जागेचा प्रकरण अभ्यास

तिन्ही बाजूंनी झाडी, खालच्या अंगाला ओढा आणि मध्ये साधारण हजार चौरस मीटरची मोकळी जागा. जंगलातून तोडलेली लाकडं एकेकाळी इथे ओढून आणून रचली जात. पुढे ते काम थांबलं आणि जागेवर कमरेएवढं गवत माजलं. मालकांची इच्छा साधी होती. थंडी सरत येते तेव्हा रानात खायला सगळ्यात कमी उरतं. त्या दिवसांत हरणं, ससे आणि जमिनीवर चरणारे पक्षी यांना काहीतरी हिरवं मिळावं. ट्रॅक्टर नव्हता, असता तरी पायवाटेने आत आला नसता. हाताशी दंताळं, कुदळ, ब्रशकटर, पाठीवरचा फवारणी पंप, गळ्यात अडकवून हाताने फिरवायचं बी फेकण्याचं यंत्र आणि पाणी भरून जड करता येणारा छोटा रोलर, एवढंच सामान.

आदल्या वर्षी त्यांनी गवत थोडं छाटून तयार मिश्र बियाण्याची पिशवी वरून फोकली होती. पाऊसही वेळेवर झाला होता, पण उगवलं जवळजवळ काहीच नाही. दोष बियाण्याचा, अशी त्यांची खात्री झाली होती आणि या खेपेला आणखी महागडं मिश्रण घ्यायचा विचार चालला होता.

मी जागा पाहायला गेलो तेव्हा गवताच्या बुडाशी बोटं घातली. वरचं हिरवं गवत, त्याखाली वर्षानुवर्षं साचलेल्या वाळक्या पात्यांचा चांगला बोटभर जाड थर आणि त्याखाली माती. मिश्रणात मुख्यतः क्लोव्हर होता, म्हणजे तीन-तीन पानांचं, शेंगवर्गातलं चाऱ्याचं बुटकं पीक. त्याचं बी मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असतं. ते त्या थरात अडकून बसलं, पावसाने फुगलं, मूळ फुटलं आणि मातीला टेकण्याआधी वाळून गेलं. बियाणं बहुधा चांगलंच होतं, त्याला माती मिळाली नव्हती. या सगळ्या कामात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. हाताच्या अवजारांनी केलेला छोटा तुकडा पेरणीच्या दिवशी क्वचितच बिघडतो. तो बनतो किंवा बिघडतो पेरणीआधीच्या महिन्यांत.

जागेची पारख

ऊन, माती आणि घट्टपणा या तीन गोष्टी आधी पाहिल्या. क्लोव्हरला दिवसाला चार-पाच तास तरी थेट ऊन लागतं. मध्यभागी ते भरपूर होतं, झाडांच्या सावलीतल्या कडेला नव्हतं. तिथे बी वाया घालवायचं नाही, असं ठरवूनच टाकलं.

घट्टपणा पाहायला जाड तारेची एक सळई पुरते. जमीन वाफशावर असताना ती हाताच्या जोराने खाली दाबायची. बहुतेक ठिकाणी सळई वीतभर सहज गेली, पण लाकडं ओढायच्या जुन्या वाटेवर चार बोटं जाऊन थांबली. तिथे मातीचे कण इतके दाबले गेले होते की मुळांना आणि पाण्याला खाली जायला वाटच नव्हती. असा सुमारे दोनशे चौरस मीटरचा पट्टा निघाला. तो कुदळीने खणून भुसभुशीत करायची मालकांची तयारी होती, मी नको म्हटलं. एवढा पट्टा खणण्यातच सगळी ताकद गेली असती आणि उरलेल्या आठशे मीटरचं काम अर्धवट राहिलं असतं. त्या पट्ट्याला वेगळं पीक द्यायचं ठरलं.

माती तपासणीसाठी दहा-बारा ठिकाणांहून पंधरा सेंटिमीटरपर्यंतची माती घेतली, प्लास्टिकच्या बादलीत एकत्र कालवली आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत पाठवली. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरली तर अहवालात जस्ताचा आकडा फुगतो, म्हणून प्लास्टिक. सामू, म्हणजे मातीचा आम्ल-अल्कपणा दाखवणारा pH चा आकडा, आला 5.3. क्लोव्हरला तो 6 ते 7 च्या मध्ये हवा असतो. त्याहून आम्लधर्मी मातीत स्फुरद मातीतच अडकून पडतं, ॲल्युमिनियम विरघळून मुळांना इजा करतं आणि हवेतला नत्र बांधणारे जिवाणू मुळांवर नीट गाठी धरत नाहीत. अशा जमिनीत कितीही महागडं बी टाकलं तरी रोपं पिवळी पडून खुरटतात.

हजार मीटरमध्ये कुणाचं पोट भरतं?

पेरणीची आखणी करण्याआधी एक हिशेब कागदावर मांडला, कारण मालकांच्या मनात आख्ख्या कळपाचा हिवाळा निघेल असं चित्र होतं. पन्नास किलोचं हरीण रोज आपल्या वजनाच्या दोन ते तीन टक्के सुका चारा खातं, म्हणजे एक ते दीड किलो. चांगल्या जमिनीत, चांगल्या वर्षी पांढरा क्लोव्हर हेक्टरी चार टनांच्या आसपास सुका चारा देतो असं धरलं तर हजार चौरस मीटरमध्ये चारशे किलो. हरणाला दिवसाला सव्वा किलो लागला तर तेवढ्यात एका हरणाचंही आख्खं वर्ष निघत नाही.

या आकड्याने ते थोडे हिरमुसले, पण तो लपवून काम सुरू करणं मला योग्य वाटत नाही. असा तुकडा ही मुख्य शिदोरी नव्हे. कोवळं, प्रथिनांनी भरलेलं, वर्षातल्या कठीण आठवड्यांत हाताशी येणारं हे जोडखाद्य आहे. हरणांचं खरं पोट भरतं ते झुडपांचे शेंडे, पालवी आणि रानातल्या रुंद पानांच्या वनस्पती खाऊन. म्हणून त्याच दिवशी ठरवलं की तुकड्याच्या कडेच्या झाडीचंही काम याच योजनेत घ्यायचं.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ही जागा आधीच माणसाने मोडलेली होती. मूळचा गवताळ माळ असता, त्यात तिथली रानफुलं आणि गवतं असती, तर मी काहीच पेरू नका म्हटलं असतं. तसा माळ नांगरून किंवा फवारून त्यावर बाहेरचं बी आणणं म्हणजे वन्यजीवांचं असलेलं घर मोडणं. जमीन स्वतःची असली तरी पेरणी, तणनाशक आणि वन्यप्राण्यांना खाऊ घालणं यांबाबत तिथले नियम काय आहेत हेही आधी पाहावं लागतं. धान्याचा ढीग ओतण्याचा पर्याय तर मी ऐकूनही घेत नाही. एकाच ढिगात तोंडाला तोंड लावून चरताना लाळेतून रोग पसरतात. पसरून उगवलेल्या चाऱ्यात हा धोका बराच कमी असतो.

चुना आणि तण

सामू वाढवायला कृषी चुना, म्हणजे दळलेली चुनखडी. प्रयोगशाळेची शिफारस आठशे चौरस मीटरला चारशे किलोची होती, पण ती पंधरा सेंटिमीटर खोल नांगरून मिसळण्याच्या हिशेबाने. इथे नांगरट होणार नव्हती. वरून पसरलेला चुना पहिल्या वर्षी वरच्या थोड्याच थरात काम करतो, फार हळू खाली जातो. सगळा एकदम टाकला असता तर वरचा थर गरजेपेक्षा जास्त अल्कधर्मी झाला असता. म्हणून वसंतात निम्मा टाकला आणि उरलेला पुढच्या वर्षावर ठेवला. पांढऱ्या क्लोव्हरची मुळं बरीचशी वरच्याच थरात असतात, त्यामुळे सुरुवातीला एवढं पुरतं. चुना मातीत मुरून परिणाम दाखवायला काही महिने घेतो. पेरणीच्या आदल्या आठवड्यात पसरलेला चुना त्या पिकाच्या फारसा उपयोगी पडत नाही, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

तणाबाबत मालकांचा प्रश्न होता, "खणूनच काढलं तर?" खणल्याने वरचं गवत मरतं, हे खरं. पण जमिनीत वर्षानुवर्षं निजलेलं तणाचं बी वर येतं आणि त्यातल्या कित्येकांना उगवायला प्रकाशाचा क्षणभराचा झोत पुरतो. ताज्या खणलेल्या जमिनीत तणाला पहिला मान मिळतो, आपल्या पिकाला दुसरा. शिवाय हाताने हजार मीटर खणणारा माणूस पेरणीपर्यंत थकून गेलेला असतो.

म्हणून मोठ्या भागात गवत छाटलं, कोवळे फुटवे वीतभर वाढू दिले आणि मगच ग्लायफोसेटचा फवारा दिला. हे आंतरप्रवाही तणनाशक हिरव्या, वाढत्या पानांतून मुळापर्यंत जातं. वाळक्या किंवा नुकत्या छाटलेल्या गवतावर ते मारून उपयोग नाही. मातीला टेकल्यावर ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, त्यामुळे नंतर पेरलेल्या बियाण्याला त्रास होत नाही. मात्रा, हातमोजे, वारा, पाण्यापासूनचं अंतर, सगळं लेबलावर लिहिल्याप्रमाणे. पेरणीच्या दोन आठवडे आधी मधल्या काळात उगवलेल्या तणांवर दुसरा फवारा दिला.

ओढ्यालगतच्या दीडशे मीटरवर मात्र फवारायचं नाही, असं मालकांनी ठामपणे सांगितलं आणि ते योग्यच होतं. तिथे गवत बुडापासून कापून काळी, जाड ताडपत्री अंथरली, कडा दगडांनी दाबल्या आणि ऐन उन्हाळ्यातले सहा आठवडे ती तशीच ठेवली. खालच्या ओलाव्यात आणि उबेत बी उगवतं, प्रकाश न मिळाल्याने मरतं. ताडपत्री उचलली तेव्हा खाली काळीभोर, मऊ माती आणि गांडुळांची विष्ठा होती. पेरणीसाठी एवढी सुंदर जागा बाकीच्या तुकड्यात कुठेच नव्हती. उणीव एकच राहिली. जमिनीखालून धावणाऱ्या खोडांचं गवत ताडपत्रीच्या कडेने पुन्हा आत शिरलं. पुढच्या वेळी ताडपत्री प्रत्येक बाजूने हातभर जास्त पसरवायची, असं तेव्हाच ठरलं.

पिशवीवरचा आकडा

पिकांची निवड अवघड नव्हती. मुख्य भागात पांढरा क्लोव्हर, त्याच्यासोबत थोडी चिकोरी, म्हणजे रुंद पानांची चाऱ्याची वनस्पती, आणि आधार-पीक म्हणून ओट. क्लोव्हर बहुवर्षायू आहे आणि चरलं तरी पुन्हा फुटतो. चिकोरीचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे कोरड्या आठवड्यांतही ती हिरवी राहते. ओट आठवड्याच्या आत उगवतो, प्राण्यांची तोंडं आधी स्वतःकडे ओढतो, त्याच्या आडोशाला क्लोव्हर मुळं धरतो आणि कडाक्याची थंडी पडली की ओट आपोआप मरतो. दाबलेल्या पट्ट्यात राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं rye हे धान्य) आणि लांब मुळाचा मुळा. राय हलक्या आणि आम्लधर्मी जमिनीतही तग धरते, मुळा जेवढं जमेल तेवढं खाली घुसतो आणि कुजल्यावर मागे भोक ठेवतो.

बियाणं घेताना खरा घोळ होतो तो वजनात. क्लोव्हरच्या पिशवीवरच्या चिठ्ठीवर शुद्धता 65 टक्के आणि उगवण 85 टक्के लिहिली होती. बियाण्यावर जिवाणूंचा आणि चुनखडीचा लेप असतो, त्याचंही वजन पिशवीत धरलेलं असतं, म्हणून शुद्धता एवढी कमी दिसते. दोन्हींचा गुणाकार केला की 55 टक्के येतात. म्हणजे किलोभर पिशवीत उगवणारं बी साडेपाचशे ग्रॅम. आम्हाला आठशे मीटरला सहाशे ग्रॅम उगवणारं बी हवं होतं, म्हणून पिशवीतलं 1.1 किलो घेतलं. चिकोरी दीडशे ग्रॅम, ओट चार किलो. पट्ट्यासाठी राय दोन किलो आणि मुळा दीडशे ग्रॅम. जास्त टाकलं तर जास्त येईल हा समज बारीक बियाण्यात फार नुकसान करतो. दाट उगवलेली रोपं एकमेकांचंच पाणी खातात.

लेप नसलेलं बी घेतलं तर रायझोबियमचं, म्हणजे नत्र बांधणाऱ्या त्याच जिवाणूंचं, संवर्धन वेगळं लावावं लागतं, तेही क्लोव्हरसाठीचंच. पाकिटावरची मुदत पाहायची, ते थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवायचं आणि लावलेलं बी त्याच दिवशी पेरायचं. ते जिवंत जिवाणू आहेत. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेलं पाकीट निकामी होतं.

पेरणीचा दिवस

शरदाच्या सुरुवातीला, पहिल्या कडक हिमाच्या सात-आठ आठवडे आधी आणि पुढच्या दोन दिवसांत पावसाचा अंदाज असताना पेरणी केली. मेलेलं गवत ब्रशकटरने बुडापर्यंत कापून दंताळ्याने बाहेर ओढलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं इथेच बहुतेकजण घाई करतात. वरून पाहिलं तर निम्म्याहून जास्त माती उघडी दिसायला हवी. दंताळ्याचे दात मातीत बोटाच्या पेराएवढे रुतवून ओढले की बारीक सऱ्या पडतात, बी त्यांतच विसावतं.

क्रम फार महत्त्वाचा. आधी ओट फोकला आणि दंताळ्याने दोन-तीन सेंटिमीटर खाली ढकलला. त्यानंतर क्लोव्हर आणि चिकोरी, आणि त्यांच्यावर दंताळं चालवायचं नाही. एवढ्या बारीक दाण्यात अन्नाचा साठा जेमतेम असतो, अर्ध्या सेंटिमीटरहून खोल गेला तर अंकुर वर पोचण्याआधी संपतो. सगळी बियाणी एकत्र कालवून एकदाच फेकली असती तर ओट वर उघडा पडला असता किंवा क्लोव्हर गाडला गेला असता.

बारीक बी समान पडावं म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळलं आणि दोन भाग केले. एक भाग उभ्या दिशेने चालत फेकला, दुसरा आडव्या. नंतर पुठ्ठ्याची दहा सेंटिमीटरची चौकट जमिनीवर ठेवून आतल्या बिया मोजल्या. पंधराच्या आसपास असतील तर बरोबर. उताराच्या एका कोपऱ्यात चौकटीत तीनच दिसल्या, तिथे मुठीने आणखी टाकलं. लेप निळसर रंगाचा होता म्हणून मोजता आल्या. बी मातीच्या रंगाचं असेल तर फेकण्याआधी वाटेत एक पांढरा कापड अंथरून त्यावर मोजता येतात.

शेवटी रोलर. तो नसेल तर पायांनी तुडवलं तरी चालतं, पण दाब हवाच. दाबलेल्या मातीतला ओलावा बियाण्यापर्यंत चढतो, सैल मातीत बी पोकळीत लोंबकळत राहतं.

पिंजऱ्याची साक्ष

पेरणी झाल्याबरोबर तारेच्या जाळीचे दोन उभे, मीटरभर रुंदीचे नळे तुकड्यात रोवले. त्यांच्या आत कुणाला चरता येत नाही. हे न करता तुकडा चांगला झाला की वाईट, हे कळतच नाही. महिन्याने पाहिलं तर बाहेर ओट जेमतेम चार बोटं आणि आतला ओट गुडघ्याला लागत होता. नुसतं बाहेरचं पाहिलं असतं तर पीक फसलं असंच वाटलं असतं. पीक उत्तम आलं होतं आणि त्याच्या वाढीएवढं रोज खाल्लं जात होतं. बाहेरच्या खुरटलेल्या ओटाच्या बुडाशी तीन पानांची क्लोव्हरची रोपं शाबूत होती, आणि ओट लावण्याचं कारणच ते होतं. पिंजऱ्याबाहेर क्लोव्हरही उपटलेला दिसला असता तर मी पहिल्या हिवाळ्यापुरतं तात्पुरतं कुंपण घालायला सांगितलं असतं.

दोन महिन्यांनी एक रोप खुरप्याने मातीसकट काढून पाण्यात धुतलं. ओढून उपटलं तर गाठी तुटून मातीतच राहतात. मुळांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. नखाने एक फोडली तर आत गुलाबी. हा रंग नत्र बांधण्याचं काम सुरू असल्याची खूण आहे. पांढऱ्या किंवा हिरवट गाठी निघाल्या असत्या तर सामू किंवा जिवाणू यांतलं काहीतरी जमलेलं नाही असं समजावं. या एका रोपाने मातीच्या अहवालाइतकीच माहिती दिली. मालकांनी त्यावर नत्राचं खत टाकायचा विषय पुन्हा काढला नाही. क्लोव्हरला बाहेरून नत्र दिलं तर मुख्यतः गवतच माजतं.

दाबलेल्या पट्ट्यात राय उगवली, मुळा मात्र बोटभर जाड होऊन वर उचलला गेला, खाली फारसा घुसला नाही. एका हंगामात मुळ्याने कठीण थर फोडावा ही अपेक्षा जास्तच असते. रायच्या तंतुमुळांचं काम दोन-तीन वर्षांनी दिसतं.

थंडीत कडेची झाडी हाती घेतली. मालकांच्या जागेतली कमी महत्त्वाची काही झाडं उभी असतानाच एका बाजूने अर्धी कापून वाकवली. बुंध्याची साल थोडी जोडलेली राहिली की शेंडा जमिनीजवळ येतो, जिवंत राहतो आणि त्यावर कोवळे फुटवे फुटतात. वाकवलेलं खोड ताणाखाली असतं, करवत चालवताना ते अचानक फुटून वर उसळू शकतं. त्यामुळे हे काम जाणत्याशिवाय करू नये. हिवाळाअखेर ठशांवरून आणि चावलेल्या शेंड्यांवरून दिसलं की कडेला तुकड्याइतकीच वर्दळ होती. माझं मत असं झालं आहे की हातात फक्त एकच आठवडा असेल तर तो नव्या पेरणीपेक्षा कडेच्या झुडपांना द्यावा.

पुढच्या वर्षाची कामं

हिवाळ्याच्या शेवटी रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं सुरू असताना विरळ जागी क्लोव्हरचं थोडं बी नुसतं वरून फोकलं. गोठलेल्या मातीच्या वरच्या थरात मधमाशीच्या पोळ्यासारख्या फटी पडतात, बी त्यांत सरकतं आणि माती वितळली की झाकलं जातं. यासाठी दंताळ्याचीही गरज पडत नाही. फक्त जमीन उघडी हवी आणि वर बर्फाचा जाड थर नको.

वसंतात चुन्याचा दुसरा हप्ता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला क्लोव्हरच्या डोक्यावरून उंच तण निघालं की ते वीतभर उंचीवर छाटायचं, पण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं बाहेर पडल्यावरच, आणि कोरड पडली असेल तर अजिबात नाही. ओढ्यालगतच्या कडेला ताडपत्री रुंद करून पुन्हा टाकायची. पट्ट्यात दुसऱ्या वर्षीही राय. सामू तिसऱ्या वर्षी पुन्हा तपासायचा. आणि पिंजरे जागेवरून हलवायचे, कारण एकाच ठिकाणी वर्षभर राहिले तर आतलं उंच गवत खालच्या क्लोव्हरला दाबून टाकतं आणि मग ते आसपासच्या तुकड्याची खरी स्थिती दाखवत नाहीत.